बारा पावलं

नव्या जालन्यात, बियाण्याच्या दुकानावर
मुस्तकीमभाईची खोली. सात कॉम्प्युटर,
त्यातला चौथा माझा. त्याचं उडीचं बटण अडकतं,
म्हणून मी उडी श्वासभर आधी मारते.

माझ्याकडं धनुष्य,
त्याच्याकडं कुऱ्हाड.
त्याला मला एकदाच शिवायचंय,
मला त्याला तीसदा टोचायचंय.

बारा पावलं.
तेरावर बाण पडतो,
नवावर त्याची झेप पोचते.
मधली जी दोन-तीन पावलं उरतात
तेवढीच माझी जागा,
ती मी मागं मागं ओढत नेते
सतरंजीसारखी.

सोडायचा, दोन पावलं मागं.
सोडायचा, दोन पावलं मागं.
आख्खा खेळ उलट्या पायांनी.
पाठीशी खांब आहे, विहीर आहे, तुटकी पायरी आहे
हे वळून बघायचं नसतं, ठाऊक असावं लागतं,
जसं लाईट गेल्यावर घरात माठ कुठंय ते.

शेजारची पोरं मला गोफणवाली म्हणतात.
म्हणतात, हिंमत असंल तर जवळ येऊन मार,
कामून पळायलीस?
मी उत्तर देत नाही.
उत्तर द्यायला थांबलं की नऊ पावलं होतात.

माझा बाप रोलिंग मिलमध्ये.
लाल सळई भोकातून फणकारत सुटते
आणि तो लांब सांडशीनं तिचं तोंड धरून
पुढच्या भोकात वळवतो. बारा तास.
त्याला कुणी म्हणलं नाही, हातानं धर ना, मर्दा.
एकदा एका सळईनं वाट सोडली.
बाप मागं सरला. शेजारचा माणूस नाही सरला.
याच्यापुढं तो सांगत नाही.
घरात गार तवासुद्धा चिमट्यानं उचलतो.

कुऱ्हाडवाल्याचं खेळातलं नाव वसमतकर.
त्याच्याकडून सहादा मेले, सहाही वेळा लालचीनं:
त्याचं रक्त नखाएवढं उरलेलं,
म्हणलं, अजून एकच बाण,
आणि उडी आधीच उधळून बसलेली.
आपली उडी त्याच्या उडीसाठी राखायची असते.
एवढं कळायला मला दिवाळीपासून होळी लागली.
तो प्रत्येक वेळी लिहायचा, परत?
मी लिहायचे, परत.
आठ महिने आम्ही दुसरं काही बोललो नाही.

मग मे महिन्यात:
जालन्याला यायलोय, सळया भरायला.
तुमच्या खोलीखाली चहा मिळतो का?
मिळतो, मी लिहिलं. बघू.

खाली टेम्पो लागला. हळदीनं फाळका पिवळा,
काचेवर कुऱ्हाडीचं चित्र, चुना लावून काढल्यासारखं.
उतरला. माझ्याहून बारीक.
डावा पाय ओढत टपरीपर्यंत गेला,
हाच तो, नऊ पावलं झेपेचा.
दोन चहा सांगितले.
एक पिला. दुसऱ्यावर बशी झाकली.
रस्त्याकडं बघत राहिला, मग मोबाईलकडं, मग रस्त्याकडं.
वर काही बघितलं नाही.
मी गॅलरीत, कठड्याला पोट टेकून,
ऊन असं की लोखंड ओढणीतूनही भाजत होतं.
डोळ्यांनी अंतर मोजलं. सवयच ती.
बारा. वारा पडलेला.
बशी काढून त्यानं तो दुसराही पिला, साय बोटानं बाजूला करून.
सुट्टे पैसे मोजले. गेला.

रात्री मैदानात समोर उभा.
आलो होतो.
दिसलास.
मग?

मी बाण लावला, ताणला,
तसाच धरून ठेवला.
तो झेपावला नाही.
मी सरले नाही.
दोघं नुसते उभे, धनुष्य ताणलेलं, कुऱ्हाड खांद्यावर,
विहिरीपाशी गवत तेवढं हलत होतं.

माझ्या मागनं जाता जाता मुस्तकीमभाई थांबला,
पडद्यावर टिचकी मारली,
म्हणाला, क्या हुआ, नेट गया क्या?